महारोहिणीचा जंतुसंसर्ग
महारोहिणीचे निरोगी अस्तर जंतूंना सहसा थारा देत नाही. परंतु वार्धक्याने व मेदसंचयाने ते खरबरीत झाले, की रक्तातून वाहत आलेले साल्मोनेला वा स्टॅफिलोकॉकस जंतू तेथे ठाण मांडतात आणि भित्ती पोखरून अल्पावधीत फुगवटा निर्माण करतात. हृदयाच्या झडपांच्या जंतुसंसर्गातून उद्भवणाऱ्या अशा फुगवट्यांचे वर्णन विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये केले. ज्वर, पाठदुखी ही लक्षणे इतकी सामान्य, की निदानास घातक विलंब होतो. म्हणून वृद्धाच्या रक्तात साल्मोनेला आढळताच सीटी अँजिओग्राफी तातडीने करावी. केवळ प्रतिजैविकांवर भिस्त ठेवणे धोक्याचे. ती सामान्यतः किमान ६ आठवडे देतातच, शिवाय शस्त्रक्रियेने सडलेला भाग काढून कृत्रिम वा दात्याची रोहिणी जोडतात. अशक्त रुग्णात आतून आवरणयुक्त स्टेंट बसवितात. मात्र जंतू मागे राहण्याच्या भीतीने औषध कधी आजन्म द्यावे लागते.