घाटघरचा आतबट्ट्याचा व्यवहार

मागच्या वीकएंडला सांदण दरीचा ट्रेक करून येताना घाटघरच्या कोकणकड्यावर थांबलो. अकोले तालुक्याचं आणि अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचं हे टोक. कडा संपला की खाली थेट ठाणे जिल्हा, शहापूर तालुका. खालचा तलाव दाखवून मी मित्राला म्हटलं, "हे पाणी वीज खर्च करून इथे वर चढवायचं आणि परत खाली सोडून वीज बनवायची, असा हा प्रकल्प आहे."

मित्र अकाउंट्सवाला. त्याने लगेच विचारलं, "जेवढी घालतात तेवढी परत मिळते?"

"नाही, कमी मिळते."

"मग हा आतबट्ट्याचा व्यवहार केला कशाला?"

तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. तेच आज इथे देतोय.

गोष्ट सुरू होते १८४७ साली, तीही एका धबधब्यापाशीच. जेम्स जूल हा मँचेस्टरचा बिअर बनवणाऱ्या घराण्यातला माणूस. लग्नानंतर बायकोसोबत आल्प्समध्ये फिरायला गेला, तर बरोबर थर्मामीटर! तिथे भेटलेल्या विल्यम थॉमसनने (पुढचा लॉर्ड केल्विन) ही आठवण लिहून ठेवली आहे. जूलचं म्हणणं असं की पडणाऱ्या पाण्याची ऊर्जा नाहीशी होत नाही, तिची उष्णता होते. म्हणजे धबधब्याच्या तळाचं पाणी किंचित कोमट असायला हवं. तिथला धबधबा तुषार होऊन विखुरत होता, त्यामुळे मोजणं काही जमलं नाही. पण प्रयोगशाळेत पाण्यात वल्ही फिरवून त्याने हिशोब पक्का केला.

आता तोच हिशोब घाटघरला लावू. वरच्या आणि खालच्या तलावात साधारण ४०० मीटरचा फरक. १००० लिटर पाणी एवढं खाली आलं की ऊर्जा सुटते सुमारे १.०९ युनिट. हे पाणी नुसतं कड्यावरून कोसळलं तर जेमतेम एक अंशाने तापेल. ऊर्जा सगळी शिल्लक, पण कुणाच्या काही उपयोगाची नाही. तेच पाणी टर्बाइनमधून सोडलं आणि १० टक्के गळती धरली, तरी ०.९८ युनिट वीज हातात येते. उलट चढवताना १२ टक्के गळती धरली तर १.२४ युनिट खर्च. म्हणजे १०० घातले, ७९ मिळाले. बाकीचे २१ घर्षणात आणि तारांत उष्णता होऊन गेले. मित्राचं म्हणणं खरंच होतं!

पण त्याच्या वहीत एक रकाना नव्हता. तो म्हणजे वेळेचा.

कोळशाचा बॉयलर गॅसच्या शेगडीसारखा फट्कन बंद करता येत नाही. रात्री मागणी उतरते, वीज स्वस्त होते. संध्याकाळी सात वाजता मात्र सगळ्यांना एकदम हवी असते. रात्रीचे १०० देऊन संध्याकाळचे ७९ घेणं, हा घाटघरचा धंदा. १२५ मेगावॉटचे दोन संच २००८ मध्ये सुरू झाले. तेव्हा राज्यात भारनियमन होतं, आणि मी शाळेत, मेणबत्तीपुढे. त्या वयात संध्याकाळच्या युनिटची किंमत मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

रात्रीची वीज खपवायचा दुसरा मार्ग म्हणजे शेतीपंप. तिथे गळती युनिटमध्ये मोजत नाहीत. ती मोजायची शेतकऱ्याच्या झोपेत. बॅटरी घेऊन, बिबट्याच्या भीतीने उसात शिरून पाणी द्यायचं. हे कुठल्या कार्यक्षमतेच्या सूत्रात बसतं?

याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीतून २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजनेची सुरुवात झाली. शेतीला दिवसा वीज, हा तिचा हेतू. सौर वीज वाढली तशी आता भर दुपारीच वीज उरू लागलीय. त्यामुळे रात्रीसाठी आखलेल्या घाटघरसारख्या प्रकल्पांना दुपारी पाणी चढवायचं काम मिळू शकतं. यंत्र तेच राहील, फक्त घड्याळ फिरेल.

असो. मित्राला एवढंच सांगायचंय की ऊर्जा निसर्ग राखतो, तिची वेळ मात्र आपल्यालाच राखावी लागते. त्या वेळेची किंमत म्हणजे ते २१. शेतकऱ्याच्या झोपेपेक्षा मला ती स्वस्त वाटते.