नाखवा कोण?

आपल्या कोळीवाड्यांत बोटीच्या मालकाला नाखवा म्हणतात. शब्द मूळचा फारसी ‘नाखुदा’, म्हणजे नौकेचा धनी. बोट चालवतो तो तांडेल, हाताखाली राबतात ते खलाशी. मीरा-भाईंदरमधल्या उत्तन, पाली, चौक या गावांत नाखवा कोण हे विचारावे लागत नाही. बोटीइतकाच तोही गावाला ठाऊक असतो. पण कागदावर बोट कोणाच्या नावे आहे, हा प्रश्न वेगळा आहे. त्याच्या उत्तराने कर ठरतो आणि बोट बुडाली तर नुकसान कोणाच्या माथी येते तेही ठरते. माझा हा शोध त्या कागदाचा आहे.

मुंबई इलाख्यातल्या किनारी गलबतांची आणि मासेमारी होड्यांची नोंद करणारा कायदा 1838 साली आला. तेव्हा नोंद होई ती हाडामांसाच्या माणसाची. नुकसान झाले की सावकार त्याच माणसाच्या दारात उभा राही. घर, जमीन, बायकोचे दागिने, काहीच सुटत नसे.

1857 साली मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांचा कायदा भारतात झाला आणि दुसरा रस्ता उघडला. बोट कंपनीच्या नावे करायची. कंपनी बुडाली तर भागधारकाचे जाईल ते त्याने भागात घातलेले पैसे, घरदार सुरक्षित. आगबोटीसाठी एकट्याला न पेलणारे भांडवल उभे करण्याची हीच युक्ती होती. वालचंद हिराचंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1919 साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन उभी केली ती याच वाटेने. परक्या कंपन्यांशी झुंजायला एका सावकाराची थैली पुरली नसती.

या ढालीची दुसरी बाजू कोकणाने पाहिली. 17 जुलै 1947 रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. वाचलेले पोहत किनाऱ्याला लागेपर्यंत मुंबईला पत्ता नव्हता. बोट होती इंडियन को-ऑपरेटिव्ह स्टीम नॅव्हिगेशन अँड ट्रेडिंग कंपनीची. लोक तिला प्रेमाने ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणत. नावात ‘माझी’ असली, तरी अशा कंपनीत भागधारकाची जोखीम भागापुरतीच. गेलेल्यांच्या घरच्यांच्या दुःखाला मात्र कसलीही कमाल मर्यादा नव्हती.

पुढे 1958 च्या मर्चंट शिपिंग कायद्याने जहाजाची मालकी दहा भागांत विभागली. त्या कायद्यानुसार भारतीय जहाजाचा मालक नागरिक किंवा कंपनी असू शके. नंतरच्या दुरुस्तीने सहकारी संस्थाही त्यात आली. जहाजमालकाच्या भरपाईला जहाजाच्या टनांनुसार कमाल मर्यादाही घातली गेली. म्हणजे कंपनीच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला दोन ढाली मिळाल्या.

कराचेही तसेच. 2004 साली टनेज कर आला. प्रत्यक्ष नफा किती हे न पाहता टनांवरून उत्पन्न धरायचे आणि त्यावर कर घ्यायचा. ही सवलत फक्त कंपनीला, व्यक्तीला नाही. जहाज किमान पंधरा निव्वळ टनांचे हवे, आणि मासेमारीच्या बोटी, नदी-बंदरातल्या फेरीबोटी तिच्यातून वगळलेल्या. उत्तनच्या नाखव्याने उद्या कंपनी काढली तरी हे दार त्याला बंदच.

त्याच्या वाट्याला येते ती सहकारी संस्था. डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा मच्छीमारांना मिळतो तो संस्थेमार्फत. पण संस्था इंधनाचा हिशेब पाहते. बोट नाखव्याच्याच नावावर राहते. पावसाळ्यात बोटी शाकारून ठेवल्या जातात, तेव्हा कर्जाचा हप्ता शाकारत नाही.

मला यात कंपनीचा पर्याय खोटा वाटत नाही. त्याशिवाय मोठी जहाजे बांधली गेली नसती. पण जोखीम नाहीशी होत नाही, ती सरकते. मोठ्या जहाजाची सरकून प्रवाशांवर, खलाशांवर आणि देणेकऱ्यांवर येते. छोट्या बोटीची तिथेच, नाखव्याच्या उंबऱ्यावर थांबते. कायद्याने मोठ्याला ढाल दिली आणि जो स्वतः समुद्रात जातो त्याला उघडे ठेवले. म्हणून बोटीवरचे नाव वाचताना त्यामागे बुडीत सोसणारा कोण, हेही वाचायला हवे.