फ्लॅट टॅपेट कॅमशाफ्ट : रनिंग-इन

नवा कॅमशाफ्ट आणि नवे टॅपेट बसवल्यावर इंजिन पहिल्यांदा ठरावीक पद्धतीने चालवून दोघांचे घासणारे पृष्ठभाग एकमेकांत नीट बसवून घेण्याची क्रिया. शेवरलेच्या १९५५ मधील स्मॉल-ब्लॉक व्ही-८ सारख्या, कॅम ब्लॉकमध्ये असलेल्या पुशरॉड इंजिनांत ही क्रिया फार महत्त्वाची असते. कुर्ल्याला एकेकाळी बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिनही याच जातकुळीतले.

नाव ‘फ्लॅट’ असले तरी या टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो आणि कॅमच्या लोबला मिलिमीटरच्या काही शतांशांइतका उतार दिलेला असतो. त्यामुळे लोब टॅपेटला नुसता उचलत नाही, गोलही फिरवतो. टॅपेट फिरत राहिला की घासण्याची जागा सतत बदलते. तो अडकला तर लोब एकाच रेषेत घासला जाऊन काही मिनिटांत झिजतो. म्हणून प्रत्येक टॅपेट आपल्या भोकात बोटांनी सहज फिरतो का, हे बसवतानाच पाहावे. वापरलेले टॅपेट नव्या कॅमवर कधीही बसवू नयेत.

निम्मे यश इंजिन सुरू होण्याआधीच्या तयारीत असते. लोब आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमयुक्त पेस्ट लावतात. स्मॉल-ब्लॉकमध्ये डिस्ट्रिब्युटर काढून ऑइल पंप ड्रिलने फिरवतात, तो रॉकरपर्यंत ऑइल पोचेस्तोवर. रेडिएटर भरलेला, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आणि इग्निशन टायमिंग आधीच जुळवलेले हवे. नुसता स्टार्टर मारत बसलात तर पेस्ट पुसली जाते आणि तिची जागा घ्यायला पुरेसे ऑइल आलेले नसते. व्हॉल्व्हला दुहेरी स्प्रिंग असतील तर आतली तात्पुरती काढून ठेवणे शहाणपणाचे.

इंजिन सुरू होताच वेग २,००० आरपीएमच्या आसपास न्यावा आणि २० ते ३० मिनिटे २,००० ते २,५०० च्या दरम्यान कमीजास्त करत ठेवावा. आयडलिंग अजिबात नको. लोबवर ऑइल मुख्यतः क्रँकशाफ्टने उडवलेले येते, आणि कमी वेगात ते पुरेसे उडत नाही. शिवाय वेग वाढला की व्हॉल्व्ह यंत्रणेच्या जडत्वामुळे लोबच्या टोकावरचा स्प्रिंगचा दाब थोडा हलका होतो. आयडलिंगला तो पूर्ण पडतो. गळती दिसली किंवा इंजिन तापू लागले तर आयडलवर न आणता सरळ बंद करावे, दोष काढावा आणि उरलेला वेळ पुन्हा त्याच वेगात पूर्ण करावा. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतात.

ऑइलमधले झिंक-फॉस्फरसयुक्त झेडडीडीपी लोबवर संरक्षक थर चढवते. फॉस्फरसमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होतो म्हणून मोटारींच्या नव्या ऑइलमध्ये त्याचे प्रमाण घटवत नेले गेले. त्यामुळे रनिंग-इनसाठी बनवलेले वेगळे ऑइलच वापरावे. लोब एकदा झिजला की नुसता कॅम बदलून भागत नाही. टॅपेटचा पूर्ण संच बदलून, इंजिन उघडून ऑइलच्या वाटांमध्ये गेलेला लोखंडाचा चुरा धुऊन काढावा लागतो.