नेसरी पट्ट्यातील शेंगदाणा आणि काजू

नेसरी हे कोल्हापूर जिल्ह्याच्या गडहिंग्लज तालुक्यातील गाव गडहिंग्लज-चंदगड रस्त्यावर आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर येथील खिंडीत धारातीर्थी पडले, ही त्याची सर्वत्र ठाऊक असलेली ओळख. शेतीच्या दृष्टीने मात्र हे गाव दोन प्रदेशांच्या सांध्यावर येते. पूर्वेला गडहिंग्लजच्या बाजूस पाऊस कमी होत जातो आणि भुईमूग, मिरची, ज्वारीची शेते लागतात. पश्चिमेला आजरा-चंदगडकडे पाऊस वाढतो, जांभ्याची लाल माती सुरू होते आणि उतारांवर काजू दिसू लागतो.

भुईमूग आणि काजू ही दोन्ही पिके मूळची दक्षिण अमेरिकेची. काजू सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पश्चिम किनाऱ्यावर आणला. गोव्यात बोंडापासून फेणी निघू लागली. गराचा मोठा व्यापार मात्र फार उशिरा, १९२०च्या दशकात, केरळातील कोल्लमहून परदेशी निर्यात सुरू झाल्यावर उभा राहिला. भुईमुगाची वाट वेगळी. एकोणिसाव्या शतकात तो दक्षिण महाराष्ट्रात शेतपीक म्हणून स्थिरावला. शतकाच्या अखेरीस जुन्या वाणावर रोग पडून लागवड घटली आणि बाहेरून आणलेल्या नव्या वाणांनी ती पुन्हा सावरली. तेल घाण्याला, पेंड जनावरांना, पाला वैरणीला आणि उरलेले दाणे घरात, असा या पिकाचा हिशेब. त्यात वाया काही जात नसे.

घरात राहिलेले दाणे मुख्यतः कूट होऊन भाजी-आमटीत आणि कोशिंबिरीत जात. चटणी खलबत्त्यात कुटली जाई. नुसते खायचे झाले तर सोबत गुळाचा खडा किंवा चुरमुरे असत. ऊस आणि गुऱ्हाळांच्या जिल्ह्यात दुसरे काय असणार? शेंगदाण्याची पोळी, लाडू, चिक्की हे सगळे त्याच जोडीचे प्रकार. शेंगदाणा हे गरिबाचे खाणे, आणि काजू पाहुण्यांपुढे ठेवायचा किंवा लग्नाच्या शिऱ्यात घालायचा, अशी प्रतिष्ठेची उतरंड ठरून गेली.

काजूला या भागात खरी चालना मिळाली ती गेल्या काही दशकांत. १९५७ मध्ये घाटाखाली वेंगुर्ल्यात फळ संशोधन केंद्र स्थापन झाले. तेथे तयार झालेल्या ‘वेंगुर्ला’ मालिकेतील जाती आणि कलमांमुळे बियांपासून वाढलेल्या, बेभरवशाच्या झाडांची जागा ठराविक उत्पन्न देणाऱ्या बागांनी घेतली. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि पडीक वरकस जमिनीही लागवडीखाली आल्या. पाठोपाठ चंदगड-आजरा भागात प्रक्रिया कारखाने निघाले. बी वाफवायची, यंत्रावर फोडायची, गर वाळवायचा, साल काढायची आणि आकारानुसार प्रतवारी करायची, हे काम बहुतांशी स्त्रियांच्या हातचे आहे. टरफलातील तेल कातडी भाजते, हा या धंद्याचा जुना त्रास.

शेंगदाणा खाली आणि काजू वर, ही प्रतिष्ठेची उतरंड कमी कर्बोदकांच्या आहाराने उलटवली. या आहाराची पहिली गाजलेली पुस्तिका लंडनच्या विल्यम बँटिंग यांनी १८६३ मध्ये काढली. अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांचे पुस्तक १९७२ मध्ये आले. महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारलेली डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत घराघरांत पोहोचली. तिच्यात भर दोन वेळच्या जेवणावर, तेही प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत, आणि मधल्या वेळी दाणेसुद्धा वर्ज्य. अ‍ॅटकिन्सच्या पद्धतीतही पहिल्या दोन आठवड्यांत दिवसाला साधारण २० ग्रॅम कर्बोदकांची मर्यादा असते आणि सुकामेवा पुढच्या टप्प्यात येतो.

हे कडक वाटले तरी त्यामागे हिशेब आहे. १०० ग्रॅम काजूत सुमारे ३० ग्रॅम कर्बोदके असतात आणि तंतू जेमतेम ३ ग्रॅम. शेंगदाण्यात कर्बोदके १६ ग्रॅमच्या आसपास आणि त्यातील निम्मे तंतू. प्रथिने २५ ग्रॅम, म्हणजे काजूहून जास्त. तंतू वगळले तर ३० ग्रॅम काजूतून ८ ग्रॅम कर्बोदके पोटात जातात, तेवढ्याच शेंगदाण्यांतून अडीच ग्रॅमहून कमी. उष्मांक मात्र दोन्हींत १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या पुढेच. बशी समोर ठेवून बोलता बोलता मुठी भरणाऱ्याचे वजन कोणत्याच दाण्याने उतरत नाही. कर्बोदके कमी करून आहार सुरू करणाऱ्याने काजू सणासुदीला ठेवावा, मधले खाणे अगदीच सुटत नसेल तर भाजलेले शेंगदाणे मोजून मूठभर घ्यावेत, आणि गूळ डब्यातच राहू द्यावा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर आहार बदलण्याआधी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.