अजिंठ्याची भिंत कोणी खाल्ली?

१/ २८ एप्रिल १८१९. शिकारीसाठी वाघूर नदीच्या घळीत आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्यातील स्तंभावर त्याने आपले नाव व ही तारीख खरडली. लेणी ओस होती. निर्जीव मात्र नव्हती.

२/ भिक्षू गेले आणि तेथे वटवाघळे व कीटक नांदू लागले. एका ठिकाणी, एका काळी राहणाऱ्या एकाच प्रजातीच्या जीवांचा समूह म्हणजे ‘जीवसंख्या’. अशा अनेक जीवसंख्या मिळून ‘जीवसमुदाय’ बनतो.

३/ चित्रांखालचा गिलावा मातीचा. त्यात भाताचा तूस, गवत, वनस्पतींचे तंतू कालवलेले. कारागिराच्या दृष्टीने ही बळकटी, किडीच्या दृष्टीने अन्न! अन्न आणि आसरा लाभला की जीवसंख्या वाढते. किडीने गिलावा पोखरला की त्यावरचे चित्रही गळून पडते.

४/ आता वेरूळ पाहा. राजदेव सिंह व एम. एम. सरदेसाई यांनी २०१६ साली ‘करंट सायन्स’मध्ये दाखवून दिले की, बाराव्या लेण्याच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश आहेत. त्यांच्या मते या मिश्रणानेच तेथे कीड रोखली. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही. तेथील किमान २५ टक्के चित्रे कीटकादी जीवांनी नष्ट केली, असा त्यांचा अंदाज आहे.

५/ वनस्पती आपल्या गुणाने कीटकाला दूर ठेवते, हाही जीवांमधील एक संबंधच. वेरूळच्या कारागिरांनी तो ओळखून भिंतीत लिंपला. म्हणूनच अजिंठा जपायचा, तर रंगांइतकेच तेथील जीवसंख्यांकडेही लक्ष हवे.