हाडांची बचत

गेल्या महिन्यात आई बाथरूममध्ये घसरली. सावरायला नुसता हात टेकला, तर मनगटच मोडलं. वय वर्षं ६३. प्लास्टर झालं, मग हाडांची घनता मोजून झाली आणि निदान आलं: ऑस्टिओपोरोसिस. म्हणजे हाडं आतून विरळ, ठिसूळ झालेली. डॉक्टर आईला औषधं समजावून माझ्याकडे वळले. म्हणाले, "आईंनी आता आहे ते सांभाळायचं. साठवायचं वय तुमचं होतं."

मी ३१ वर्षांची, दिवसाचे दहा तास खुर्चीत. तो "होतं" डोक्यात अडकला, आणि अख्खा विकांत वाचण्यात गेला. वाचताना कळलं, की हाडं तरुणपणी "साठवायची" असतात हे सिद्ध व्हायला बराच काळ जावा लागला.

म्हातारपणी हाडं हलकी होतात हे लंडनचे सर्जन अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२०च्या दशकातच लिहून ठेवलं होतं. ऑस्टिओपोरोसिस हा शब्द त्यानंतर थोड्याच वर्षांत स्ट्रासबर्गच्या जाँ लोबस्टाइन यांनी रूढ केला. पण हा त्रास बायकांनाच जास्त का? याचं पटेल असं उत्तर १९४१ साली बोस्टनच्या फुलर अलब्राइट यांनी दिलं: पाळी थांबते, इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडांची झीज वाढते. उत्तर बरोबरच होतं. पण त्यामुळे सगळ्यांचं लक्ष पन्नाशीनंतरच्या झिजेवर राहिलं. झीज सुरू झाली तेव्हा मुळात शिल्लक किती होती, हा प्रश्न मागेच पडला.

तो प्रश्न ठळकपणे पुढे आणला १९७९च्या एका अभ्यासाने. वेलिमिर मात्कोविच आणि सहकाऱ्यांनी तेव्हाच्या युगोस्लाव्हियातले (आज क्रोएशिया) दोन भाग निवडले. पोद्राविनामध्ये दूधदुभतं भरपूर, तर इस्त्रियामध्ये बेताचं. कॅल्शियम साधारण निम्मं. हाताच्या हाडांचे एक्स-रे काढून तुलना केली, तर दूधवाल्या भागातल्या लोकांची हाडं जास्त भरीव होती, आणि म्हातारपणी खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाणही कमी होतं. खरी गोम पुढेच आहे. वयाबरोबर होणारी झीज दोन्हीकडे जवळपास सारखीच होती! फरक तिशीतच पडलेला होता आणि तोच म्हातारपणापर्यंत टिकला. आता दूधवाल्यांचं एकूण खाणंच जास्त होतं, त्यामुळे सगळं श्रेय कॅल्शियमला देता येत नाही. पण मुद्दा पोचला: सुरुवातीची शिल्लक महत्त्वाची.

मग व्यायामाचं काय? इथे टेनिस मदतीला आलं. खेळाडूचा एक हात रॅकेट मारतो, दुसरा जवळपास आराम करतो. बाई तीच, जेवण तेच, जनुकं तीच. याहून चांगला टेस्ट सेटअप कुठे मिळणार? :) फिनलंडच्या कान्नुस यांच्या गटाने १९९५ साली टेनिस आणि स्क्वॉश खेळणाऱ्या बायकांचे दोन्ही हात मोजले. खेळणाऱ्या हाताची हाडं सगळ्यांचीच भक्कम होती. पण पाळी सुरू होण्याआधी किंवा त्या सुमारास खेळू लागलेल्यांना उशिरा सुरुवात करणाऱ्यांपेक्षा जवळपास दुप्पट फायदा झालेला दिसला.

आणि कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये १९९१पासून शाळकरी मुलामुलींची हाडं वर्षानुवर्षं मोजली गेली. त्यातून दिसलं, की प्रौढपणीच्या हाडांतला साधारण पाव हिस्सा वयात येतानाच्या अवघ्या दोन वर्षांत जमा होतो. मुलींच्या बाबतीत ही वर्षं साधारण बारा-तेराच्या आसपासची.

हे वाचून मी थांबले. कारण आपल्याकडे नेमकं त्याच वयात काय होतं? आईच्या लहानपणी घरातलं दूध आधी मामांना मिळायचं, उरलं तर मुलींना. माझ्या वेळी दूध होतं, पण आठवीत कबड्डी सुटली. आधी "आता मोठी झालीस", मग क्लास, मग दहावी. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. पण हाडं भरायची वर्षं तशीच निघून गेली.

तिशीनंतर सगळं संपलं असं मात्र नाही. वजन उचलण्याचे व्यायाम, जिने, भरभर चालणं, पुरेशी प्रथिनं, सिगारेटपासून लांब राहणं, यांनी आहे ते टिकवता येतं. आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. पेलाभर दुधात त्यातलं पाव भागाच्या आसपास मिळतं. नाचणी आणि तीळही कामाचे. ड जीवनसत्त्वासाठी अंगावर ऊन लागायला हवं, आणि आमचं ऑफिस तर काचेचं! सोमवारपासून दुपारचा चहा गच्चीवर.

असो. माझी भाची यंदा सातवीत आहे. काल ताईला फोन करून एवढंच सांगितलं, "क्लास कुठलाही लाव, पण तिचं खो-खो बंद करू नकोस."