मॉडबस संदेशवहनातील दोषशोधन

औद्योगिक नियंत्रक (पीएलसी), मोटारीचा ड्राइव्ह, वीजमापक आणि पॅनेलवरचा पडदा यांच्यातील संदेश अडले असता जुळणीतली चूक शोधण्याची पद्धत. मॉडबस ही प्रणाली मोडिकॉन या अमेरिकी कंपनीने १९७९ मध्ये आणली. तिचे नियम सर्वांना खुले असल्याने स्वस्तातल्या वीजमापकापासून मोठ्या नियंत्रकापर्यंत ती सर्वत्र आढळते.

अर्जुनी मोरगाव (जि. गोंदिया) हा धानाचा तालुका, गाढवी नदीवरील इटियाडोह धरणाचे पाणी त्याला मिळते. भरडाईच्या गिरणीत एलिव्हेटर, शेलर, पॉलिशर यांच्या मोटारी ड्राइव्हवर घेतल्या आणि ते ड्राइव्ह एका नियंत्रकाला जोडले, की प्रस्तुत विषय तिथे लागू होतो. कोंड्याची बारीक धूळ पॅनेलमध्ये शिरते, पावसाळ्यात विजा कडाडतात. त्यामुळे इथे दोषशोधन तारेपासूनच सुरू करावे.

तार : आरएस-४८५ जोडणीत पिळाच्या दोन तारा एका यंत्राकडून दुसऱ्याकडे ओळीने नेतात; मधून फाटे काढत नाहीत. कमी वेगात ही तार सुमारे १,२०० मीटरपर्यंत चालते. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लागतो. सर्व यंत्रांची वीज बंद करून मल्टिमीटर दोन तारांवर धरला, की साधारण ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसले तर एका टोकाचा रोध नाही; ४० दिसले तर मधल्याच कुठल्या तरी ड्राइव्हवरचा रोधाचा छोटा स्विच चालू राहिला आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती न करता नियंत्रक बदलणे हा निव्वळ खर्च होय. ‘ए’ आणि ‘बी’ या खुणा सर्व उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत. यंत्र बोलत नसेल तर तारा अदलाबदल करून पाहण्यात धोका नाही. शील्ड एका टोकाला अर्थ करावी की दोन्ही, याविषयी मतभेद आहेत. उत्पादकाची पुस्तिका प्रमाण मानावी. संदेशाची तार मोटारीच्या केबलसोबत एकाच ट्रेमधून नेऊ नये. मोटार सुरू होताच संदेश तुटत असेल, तर संशय आधी इथेच घ्यावा.

जुळणी : प्रत्येक यंत्राचा पत्ता (१ ते २४७) वेगळा हवा, बॉड रेट, पॅरिटी आणि स्टॉप बिट मात्र सर्वांचे एकच हवेत. नवा ड्राइव्ह कारखान्यातून बहुधा १ हाच पत्ता घेऊन येतो, म्हणून एकसारखे दोन बसवले की दोन्ही एकदम उत्तर देतात आणि नियंत्रकाला धड एकाचेही कळत नाही. काही ड्राइव्हमध्ये बदललेली जुळणी वीज बंद-चालू केल्याशिवाय लागू होत नाही. उत्तरच येत नसेल तर दोष तारेत, पत्त्यात किंवा वेगात असतो. चूक-संकेत २ आला तर तार ठीक आहे, मागितलेले रजिस्टर त्या यंत्रात नाही, असे समजावे.

रजिस्टर : पुस्तिकेतील ४०००१ हे प्रत्यक्ष संदेशात शून्य क्रमांकाने जाते, एका आकड्याची ही तफावत नेहमीची आहे. वीजमापकाचे दशांशी वाचन दोन रजिस्टरांत विभागलेले असते. त्यांचा क्रम उलटा घेतला, तर ४१५ व्होल्टऐवजी पडद्यावर शून्य दिसते आणि दोष विनाकारण मापकाला लागतो.

ईथरनेट : मॉडबस टीसीपी ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर चालते. लॅपटॉप आणि नियंत्रक यांचे आयपी पत्ते एकाच जाळ्यातले, पण वेगवेगळे असावेत. पिंगला उत्तर आले म्हणजे मॉडबसही चालू आहे, असे ठरत नाही.

बिनतारी जोडणी : गिरणीच्या आवारात शक्यतो टाळावी.

दुरुस्तीनंतर पत्ते, वेग आणि पॅरिटी यांचा तक्ता पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा.